म्हण कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पहिल्यांदाच एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद करताय. त्यात यॉर्कशरमधली एक आई, तिसरी नोकरी सोडून घरी आलेल्या मुलाला म्हणते, ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस.’ तुम्ही शाळेच्या गाइडातली जोडी आठवून ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं लिहिलंत आणि संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. त्यात पुढे शंभरेक पानांनंतर तोच मुलगा ‘मला मॉस (म्हणजे शेवाळ) नकोच होतं’ असं म्हणतो, तिथे चिंध्यांचं काय करायचं ते कळेना. मग इंग्रजी म्हणीला मराठी म्हण शोधायची, की जशीच्या तशी मराठीत आणायची?

मी २६ वर्षं हेच काम करतेय आणि या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. माझं उत्तर असं की म्हणीतलं चित्र जुळतंय का, हे नंतर पाहा. आधी पाहा की ती म्हण कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय आणि कोणत्या सुरात. गाइडातल्या जोड्या चुकतात त्या बहुतेक इथेच.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ ही घ्या. आपल्याकडे पाठ करून घेतात ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’. मीही तेच पाठ केलं होतं. पण वाहत्या गंगेत हात धुणाऱ्याबद्दल आपण कसं बोलतो? थोडं नाक मुरडूनच. दुसऱ्याच्या खर्चाने चाललेल्या कामात आपला फायदा काढणारा माणूस तो. ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ याचाही सूर तोच, त्यात धूर्तपणा आहे. मूळ इंग्रजी म्हणीत मात्र धूर्तपणाचा लवलेश नाही. तिच्यात कष्ट आहेत आणि पावसाची धास्ती आहे.

हे मला पुस्तकात कळलं नाही, आमच्या संगमेश्वराकडच्या घरी कळलं. नवरात्र सरलं की आजी गवत कापायला माणसं लावायची. कापलेलं गवत उन्हात पसरायचं, दुपारी उलथायचं, संध्याकाळी गोळा करायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचं. चांगलं खडखडीत वाळलं की मगच उडवी रचायची. एका वर्षी परतीचा पाऊस अचानक आला आणि पसरलेलं सगळं गवत भिजून काळं पडलं. गाय त्याला तोंड लावेना. त्यानंतर उघडीप पडली की आजी जेवणसुद्धा उभ्याउभ्या उरकायची आणि आम्हा पोरांना हाका मारायची, “चला रे, ऊन आहे तवर उलथून घ्या!” इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचंही हेच. तिथे जून-जुलैत गवत कापायचं, कोरडे दिवस मोजकेच, आणि हिवाळाभर जनावरं त्याच गवतावर जगवायची. ओलसर गवत रचून ठेवलं तर आतल्या आत तापतं, कधी कधी आपोआप पेटही घेतं. १५४६ साली जॉन हेवुडने इंग्रजी म्हणी गुंफून एक लांबलचक पद्य छापलं, त्यात ही म्हण आहे. आजीने ती कधीच ऐकली नव्हती, पण तिचं वाक्य म्हणजे हीच म्हण होती. तेव्हापासून मी कादंबरीत कुणा शेतकऱ्याच्या तोंडी ती आली की ‘उघडीप आहे तोवर गवत वाळवून घ्यावं’ असं लिहिते. वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. आणि मूळ पुस्तकात एखादा व्यापारी डोळा मारून तीच म्हण म्हणत असेल, तर तिथे गंगेत हात धुवायला माझी काहीच हरकत नाही. म्हण एकच आहे, पण बोलणारा बदलला की मराठी बदलतं.

याउलट ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ला काहीच करावं लागत नाही. लोहार आपल्याकडेही आहे, भाताही आहे. ‘लोखंड तापलंय तोवर घाव घाला’ असं लिहून पुढे जावं.

दुसरी अडचण जुन्या शब्दार्थांची, आणि ती जास्त फसवी, कारण शब्द ओळखीचे असतात. ‘वन मॅन्स मीट इज अनदर मॅन्स पॉयझन’ यातल्या ‘मीट’चं मी छापील पुस्तकांत ‘मांस’ झालेलं पाहिलंय. जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न. १६११ च्या इंग्रजी बायबलात देव प्राण्यांना हिरवा पाला ‘मीट’ म्हणून देतो. पुढे अर्थ आक्रसत गेला आणि मांसापुरता उरला. आपल्या ‘मृग’ शब्दाचंही हेच झालं. पूर्वी तो कुठल्याही पशूला लागायचा, म्हणून सिंह मृगेंद्र. आता मृग म्हणजे फक्त हरीण. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘डिअर’सुद्धा एके काळी सगळ्याच पशूंना म्हणत. तर ती म्हण आहे ‘एकाचं अन्न ते दुसऱ्याचं विष’, मांसाचा तिथे संबंध नाही.

‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’मधलं ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा नाही, परीक्षा. छापखान्यात आपण अजूनही ‘प्रुफं’ तपासतो, ती याच अर्थाची. आणि सतराव्या शतकात ही म्हण रुळली तेव्हाचं पुडिंग म्हणजे आजची गोड थलथलीत वाटी नव्हती. आतड्यात मांस नि धान्य भरून उकडलेला तो प्रकार होता. आत शिजलंय की कच्चं आहे, चांगलं आहे की नासलंय, ते खाल्ल्यावरच कळायचं. हे डोळ्यांसमोर आलं की म्हणीत एक धोका दिसतो, तो ‘पुडिंगची चव खाल्ल्यावरच कळते’ या भाषांतरात दिसत नाही.

मात्र प्रत्येक ‘प्रूव्ह’ला हीच चावी लावू नका. ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’मधल्या ‘प्रूव्ह्ज’चा अर्थ ‘परीक्षा घेतो’ असा आहे, असं बरेच जाणकारही सांगतात. मला ते पटत नाही. ही मूळची कायद्यातली गोष्ट आहे, रोमन वकील सिसेरोने बाल्बस नावाच्या अशिलाच्या बचावाच्या भाषणात, इसवी सनापूर्वी ५६ मध्ये, केलेल्या युक्तिवादापर्यंत ती मागे जाते. दुकानावर ‘गुरुवारी बंद’ अशी पाटी असली, तर बाकीचे दिवस दुकान उघडं असतं हे न लिहिताही कळतं. अपवाद लिहून ठेवलाय म्हणजे नियम आहेच, एवढंच त्या म्हणीचं म्हणणं. आपण मराठीत ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असं ठोकून देतो आणि समोरच्याचं विरुद्ध उदाहरण उडवून लावायला ते वापरतो. इंग्रज लोकही तेच करतात. त्यामुळे पात्र वकील असेल तर पहिला अर्थ, चहाच्या टेबलावर वाद घालणारा काका असेल तर दुसरा.

‘चॅरिटी बिगिन्स ॲट होम’मधली ‘चॅरिटी’ मुळात दानधर्म नव्हती, ती माया होती, माणसाविषयीची ममता. आज मात्र दारात वर्गणीला आलेल्याला परत पाठवताना लोक ही म्हण पुढे करतात. दोन्ही सूर जिवंत आहेत. गाइडात हिच्यासमोर ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ लिहिलेलं मी पाहिलंय. ही म्हण आपण जेवायला बसताना हसत म्हणतो. वर्गणी नाकारणाऱ्या चिक्कू माणसाच्या तोंडी ती घातली की तो उगाच लोभस वाटायला लागतो.

आता व्याकरणाबद्दल, आणि इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. एका समुद्रकथेत वादळाने जहाज खडकावर फुटतं आणि किनाऱ्यावरच्या गावाला वर्षभर पुरेल इतकं लाकूड फुकट मिळतं. तिथे एक म्हातारी म्हणते, ‘इट्स ॲन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड.’ मी लिहिलं, ‘वाईट वारा कोणाचंच भलं करत नाही.’ शब्दन् शब्द बरोबर आणि अर्थ शंभर टक्के उलटा. पुस्तक छापून आल्यावर बोटीवरून निवृत्त झालेल्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘गावाला लाकूड मिळालं, मग म्हातारी असं कसं म्हणेल?’ ते कार्ड मी जपून ठेवलंय. मी वाक्याशी झटत होते आणि त्यांनी प्रसंगाकडे पाहिलं होतं.

या घडणीच्या इंग्रजी म्हणी बऱ्याच आहेत. ‘इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग’ ही तशीच. वरवर वाचलं तर ‘वळण नसलेला रस्ता लांब असतो’. पण त्यांना म्हणायचं असतं की रस्ता कितीही लांब असला तरी कुठे ना कुठे वळतोच. अशा म्हणी मराठीत आणताना मी ‘कितीही... असो, ...च’ या साच्यात बसवून पाहते. ‘कितीही वाईट वारा सुटो, कुणा ना कुणाच्या शिडात भरतोच.’ पुढच्या आवृत्तीत म्हातारी हे म्हणते.

तसंच ‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड’. ही आज्ञा नाही. ‘छडी आवरा आणि पोराला लाडावा’ असं कोणी सांगत नाहीये. ‘छडी आवरलीत तर पोर बिघडेल’ असा तो इशारा आहे. मधला ‘अँड’ म्हणजे ‘आणि’ नव्हे, ‘तर’. आपल्या ‘छडी लागे छमछम’शी हिची जोडी लावतात. आशय जवळचा आहे, पण छमछममध्ये बालगीताचा ठेका आहे आणि इंग्रजी म्हणीमागे बायबलमधलं नीतिवचन उभं आहे. पाद्री बोलत असेल तर छमछम चालणार नाही.

काही म्हणी मात्र इतक्या चपखल मिळतात की आनंद होतो. हत्यारांना दोष देणारा कारागीर म्हणजे ‘नाचता येईना अंगण वाकडे’. रिकाम्या भांड्याचा आवाज म्हणजे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. हातातला एक पक्षी आणि झुडपातले दोन, याला ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’. ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’साठी ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ पहिल्यांदा सुचलं त्या दिवशी मी उठून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पैशाचा उल्लेखही नाही, पण तीच चिडचिड, तोच सांगणारा वडीलधारा आवाज.

सगळ्यांत मला आवडते ती ‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’ची जोडी. आपल्याकडे भावाभावांत भांडण झालं की म्हणतात, ‘काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही.’ इंग्रजीत पाणी म्हणजे परकं, पातळ नातं. मराठीत पाणी म्हणजेच रक्ताचं नातं, ते तुटत नाही. चित्र अगदी उलटं झालं, पण सांगणारा तोच आणि सांगतोय तेच. म्हणून तर म्हणते की चित्राकडे नंतर पाहा.

याच म्हणीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. व्हॉट्सॲपवर फिरतंय की मूळ म्हण ‘कराराचं रक्त गर्भजलापेक्षा दाट’ अशी होती आणि लोकांनी ती अर्धवट केली. जुन्या संग्रहांत या लांब म्हणीचा मागमूस नाही. ती अगदी अलीकडे जन्मलेली आहे. ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’ला जोडलेलं ‘तरीही एकाच कामात पारंगत असण्यापेक्षा बरा’ हे शेपूटही असंच नव्याने लावलेलं. ‘क्युरिऑसिटी किल्ड द कॅट’चं तर मूळच निराळं आहे. शेक्सपिअर आणि बेन जॉन्सन यांच्या काळात मांजर मरायचं ते ‘केअर’ने, म्हणजे काळजीने. कुतूहल त्या जागी खूप नंतर आलं. तुमच्या कादंबरीतलं पात्र हल्लीचं असेल आणि ते लांब रूप वापरत असेल तर तसंच्या तसं घ्या, पण ‘मूळ म्हण हीच’ अशी तळटीप कृपा करून देऊ नका.

‘शब्दशः भाषांतर करायचं का’ हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. करायचं, आणि निर्धास्त करायचं, पण कानाला लावून. ‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान आरोग्य संपत्ती भेटे’ हे बहुतेकांना अस्सल मराठी वाटतं. ते इंग्रजीतल्या ‘अर्ली टु बेड अँड अर्ली टु राइज’चं भाषांतर आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ च्या पंचांगात ते छापलं म्हणून त्याच्या नावावर खपतं, पण इंग्लंडमध्ये ते त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होतं. मराठी करणाऱ्याने काय केलं ते बारकाईने पाहा. इंग्रजीत क्रम आहे आरोग्य, संपत्ती, शहाणपण. मराठीत ज्ञान पहिलं आलं. यमक ‘उठे-भेटे’ असं नवीन बांधलं. ‘त्याला’ऐवजी ‘तया’ घेतल्यामुळे ओवीचा वास आला. असं केलं की परकी म्हण चार पिढ्यांत घरची होते. ‘गरज ही शोधाची जननी’, ‘एका दगडात दोन पक्षी’, ‘इच्छा तेथे मार्ग’, ‘चकाकतं ते सगळंच सोनं नसतं’, ही सगळी मंडळी अशीच आलेली आहेत.

अनुवादकाच्या चुकीतूनही म्हण जन्मते, हे इथे सांगायला हवं. ‘टु कॉल अ स्पेड अ स्पेड’ यातली कुदळ मुळात कुदळ नव्हतीच. प्लुटार्कच्या ग्रीक मजकुरात मॅसिडोनियाची रांगडी माणसं ‘काथवटीला काथवट’ म्हणतात. म्हणी गोळा करणारा विद्वान इरॅस्मस, त्याने ते लॅटिनमध्ये आणताना त्या जागी खणायचं अवजार घातलं आणि १५४२ मध्ये निकोलस युडलने इंग्रजीत त्याचं ‘स्पेड’ केलं. पाचशे वर्षं होत आली, इंग्रजीभाषक कुदळीलाच कुदळ म्हणतायत.

आणखी एक सावधगिरी ठिकाणांच्या नावांबद्दल. ‘कोल्स टु न्यूकॅसल’ ही म्हण न्यूकॅसल कोळशाचं मोठं बंदर होतं तेव्हाची. तिथे बाहेरून कोळसा नेणं म्हणजे वेडेपणा. पुण्यातल्या एखाद्या भाषणाचा अनुवाद असेल तर ‘रत्नागिरीला आंबे धाडण्यासारखं’ म्हणा, श्रोते खूश होतील. पण डरहॅमच्या खाणकामगाराच्या तोंडी रत्नागिरी आली की कादंबरीतला सगळा धूर, सगळी थंडी त्या क्षणी विरून जाते. वाहत्या गंगेबद्दल माझी हीही एक तक्रार आहे. इंग्लंडातल्या कोळ्याने तिच्यात हात का धुवावेत?

आता तुमचं वाक्य. ‘रोलिंग स्टोन’ ही म्हण फार जुनी, इरॅस्मसच्या संग्रहातही आहे आणि हेवुडच्या पद्यातही. जुन्या अर्थाने मॉस ही चांगली गोष्ट आहे. एका जागी टिकलं की अंगावर धरते ती माया, पैसाअडका, माणसं. पुढे काही जणांनी ती उलटी वाचली, की हलत राहा म्हणजे शेवाळ चढणार नाही. मराठी वाचक तर दुसराच अर्थ घेणार. शेवाळ म्हटलं की त्याला पावसाळ्यातली निसरडी पायरी आठवते. ‘गडगडत्या धोंड्याला शेवाळ धरत नाही’ असं लिहिलंत तर तो समजेल की आई मुलाची पाठ थोपटतेय. आणि ‘भाराभर चिंध्या’ संपादकांनी खोडलं ते योग्यच केलं. ती म्हण एकाच वेळी दहा कामं अर्धवट ठेवणाऱ्याची. तुमच्या मुलाने प्रत्येक नोकरी एकेक करून सोडलीय आणि आई रागापेक्षा काळजीने बोलतेय.

हीच काळजी रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या मित्राला, ल्युसिलियसला, पत्रमालेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पत्रात लिहितो, की वारंवार उपटून लावलेलं रोप जोम धरत नाही. हे चित्र यॉर्कशरच्या परसातही बसतं आणि आपल्या भाताच्या खाचरातही. शिवाय मराठीत ‘धरणं’ हे क्रियापद रोपाला आपसूक लागतं. मी असते तर आईच्या तोंडी असं लिहिलं असतं, ‘सारखं उपटून लावलेलं रोप धरत नाही रे बाळा.’ आणि शंभर पानांनंतर, मुलगा बंदरावर उभा असेल तिथे, ‘मला मॉस नकोच होतं’च्या जागी, ‘मला मुळं धरायचीच नव्हती, आई.’ मूळ कादंबरीत तो हे आईला उद्देशून म्हणत नसेल तर शेवटचा शब्द काढा. दोन्ही पानं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. तिसऱ्या एखाद्या ठिकाणी मॉसचा उल्लेख येत असेल तर तेही पान काढून ठेवा, रोप तिथेही चालतंय का ते पाहावं लागेल.